गळामागचा माणूस

पाण्याच्या कडेला एक माणूस गळ टाकून बसला, की पाच मिनिटांत त्याच्या पाठीमागे दुसरा माणूस येऊन उभा राहतो. ठाण्याच्या उपवन तलावापासून डोंबिवलीच्या मोठागाव खाडीपर्यंत आणि कल्याणच्या दुर्गाडीपासून टिटवाळ्याच्या काळू नदीपर्यंत हा नियम सगळीकडे सारखा लागू आहे. हे मी अधिकारानं सांगतो, कारण तो दुसरा माणूस बहुधा मीच असतो.

बसलेल्या माणसाचं कौतुक जगात पुष्कळ झालंय. आयझॅक वॉल्टन नावाच्या लंडनच्या एका दुकानदारानं १६५३ साली गळ टाकण्याच्या छंदावर एक पुस्तक लिहिलं. साडेतीनशे वर्षं उलटून गेली तरी ते अजून छापलं जातंय. माशाची वाट बघता बघता माणूस कसा शांत, सज्जन आणि विचारी होतो, असा त्याचा एकंदर सूर. वॉल्टनला हे सुचलं, कारण त्याच्या मागे कोणी ठाणेकर उभा नव्हता. त्या पुस्तकानंतर चार वर्षांनी, १६५७ मध्ये, शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं. समोर खाडी होती आणि महाराजांच्या मनात आरमार आलं. पाणी बघून इंग्रजाला मासा आठवला, महाराजांना गलबतं दिसली. आम्ही पडलो महाराजांच्या मुलखातले. पाणी दिसलं की त्याचं काहीतरी झालं पाहिजे, हे आमच्या रक्तात आहे. त्याच्याकडे नुसता बघत बसलेला माणूस आम्हाला बघवत नाही. म्हणून आम्ही त्याच्या मागे जाऊन उभे राहतो.

उभं राहण्याचीही एक रीत आहे. आल्या आल्या बोलायचं नसतं. हात पाठीशी बांधायचे आणि तो जिथे बघतोय नेमकं तिथेच पाण्यात बघायचं. मग हळूच नजर त्याच्या बादलीकडे न्यायची. बादली रिकामी दिसली की मनाला जरा बरं वाटतं. त्यानंतर त्याच्या खांद्याच्या दिशेनं, पण खरं तर आसमंताला उद्देशून, विचारायचं, "लागतंय का काही?" यावर गळवाला मान हलवतो. होय म्हणून की नाही म्हणून ते कळत नाही. कळू नये अशीच ती हलवलेली असते.

इथवर दोघांचं ठीक चाललेलं असतं. खरी रंगत येते ती तिसरा माणूस आल्यावर. तो गळवाल्याला काही विचारत नाही, मला विचारतो. "काय, मिळालं का यांना?" मी आधी आलेला असल्यामुळे माझ्यावर एक जबाबदारी असते. "मघाशी चांगली ओढ लागली होती," मी सांगतो, "सुटला." ओढबिढ काही लागलेली नसते, पण आलेल्या माणसाला अगदीच कोरं परत पाठवणं बरं दिसत नाही. तिसरा चौथ्याला सांगतो तोवर सुटलेला मासा दोन किलोंचा झालेला असतो. पाचव्याच्या कानावर जातं ते असं, की इथे मोठमोठे मासे लागतात, पण या गृहस्थांना ओढून घेता येत नाहीत. गळवाला हे सगळं ऐकत असतो. त्याचे कान हळूहळू लाल होत जातात. वॉल्टननं वर्णन केलेली शांतता सुटायला लागते ती इथे.

वर्तमानपत्रांचे मथळे वाचले तर ठाण्या-कल्याणात माशांपेक्षा नगरसेवकच जास्त गळाला लागतात. तिथे मात्र मागे उभं राहून सल्ला द्यायला आम्हाला कोणी बोलावत नाही.

ठाण्यात आजही तीसेक तलाव आहेत आणि त्या प्रत्येकात मासे आहेत. पण या माशांची एक अडचण आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या धार्मिक लोकांत वाढलेले आहेत. तलावपाळीला कौपिनेश्वराचं दर्शन घेऊन आलेली मंडळी कट्ट्यावरून पाण्यात कणकेच्या गोळ्या टाकतात, पावाचे तुकडे टाकतात, कुरमुरे टाकतात. माशांना खाऊ घातलं की पुण्य लागतं. गळवालाही घरून कणकेच्या गोळ्याच घेऊन येतो, फक्त त्यात वासासाठी चिमूटभर हिंग घातलेला असतो. पाण्याखालून बघितलं तर दोन्ही गोळ्या सारख्याच. एकीत पुण्य, दुसरीत आकडा. मासा दिवसभर पुण्याच्या गोळ्या खाऊन इतका सुस्तावलेला असतो, की आकड्याच्या गोळीकडे बघायला त्याला सवड नसते. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे आहेत, महसीर जातीचे. त्यांच्या वाट्याला कोणी जात नाही, लोक नुसते खाऊ घालतात. तिथल्या माशांना निदान आपण सुरक्षित आहोत हे ठाऊक तरी आहे. ठाण्याच्या माशाला आपल्यावर कोणी गळ टाकून बसलंय हेच माहीत नसतं, इतका त्या गळाचा त्याला उपद्रव कमी.

शिवाय शहरातल्या बऱ्याच तलावांवर मासे पकडायला मनाई असल्याची पाटी असते. काही ठिकाणी मासेमारीचा ठेका दिलेला असतो. पाटी आणि ठेका या दोन्हींची अंमलबजावणी एका शिट्टीवर चालते. शिट्टी ऐकू आली की समजावं, रखवालदार जागा आहे.

"ओ काका, उचला ते."

"अहो, नुसता बसलोय."

"काठी घेऊन?"

"सवय आहे."

रखवालदार जवळ येतो. कायद्याचा माणूस म्हणून पिशवीची तपासणी करतो आणि डबा उघडून आत बघतो. "ही कणीक?"

"हो."

"कणकेला काय लागणार? गांडूळ लावा, गांडूळ. आमच्या गावाला..." आणि पुढच्या पाच मिनिटांत तो माझ्या शेजारी हात पाठीशी बांधून उभा असतो. शिट्टी तोंडातच असते, पण आता तिच्यातून फक्त श्वास येतो.

या खेळाला पूर्वी राजाश्रय होता हे फार जणांना ठाऊक नाही. कल्याणच्या चालुक्य राजानं, तिसऱ्या सोमेश्वरानं, ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचे शंभर अध्याय. राज्य कसं मिळवावं आणि टिकवावं इथपासून राजानं काय खावं, काय ल्यावं, कशात मन रमवावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. त्यातच गळानं मासे धरण्याच्या खेळावर एक आख्खा अध्याय आहे, मत्स्यविनोद. पस्तीसेक जातींचे मासे, कोणत्या माशाला काय खाऊ घालून माणसाळवावं, दोरी कशाची असावी, काठी कशी असावी, सगळं तपशीलवार. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात असा उल्लेख याच ग्रंथात आहे, त्यामुळे मराठीचे प्राध्यापक त्याच्यावर जीव टाकतात. त्यांच्यापैकी कोणी मत्स्यविनोदापाशी थांबल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

हे मी एकदा दुर्गाडीच्या खाली बसलेल्या एका गळवाल्याला सांगितलं. कल्याणचा राजा स्वतः गळ टाकत असे म्हटल्यावर तो स्टुलावर ताठ बसला. मागे उभ्या असलेल्यांकडे त्यानं पहिल्यांदाच वळून पाहिलं, आणि ते बघणं दरबारातलं होतं. पुढचं सांगणं माझ्या जिवावर आलं, पण आमच्यातला एक जण सोलापूरकडचा निघाला आणि त्यानं ते सांगून टाकलं. ते कल्याण हे नव्हे. चालुक्यांची राजधानी म्हणजे कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात आहे ते बसवकल्याण. गळवाला पुन्हा पाण्याकडे वळला. "तरीच," तो म्हणाला, "त्यांच्या कल्याणला लागत असतील." सोमेश्वराच्या मागेही माणसं उभी राहतच असणार. फक्त 'लागतंय का काही' असं विचारण्याची त्यांची टाप नसणार, आणि महाराजांची बादली रिकामी राहू नये याची काळजी पाण्यात उतरलेल्या कोणी ना कोणी घेतच असणार.

आम्हा सल्लागारांत सगळ्यांत वजनदार असतो तो गाववाला. तो मुरबाड, शहापूर नाहीतर भिवंडीकडच्या खेड्यातला असतो आणि नोकरीला ठाण्यात असतो. काठी बघूनच त्याला हसू येतं. "काठी कशाला लागते? आमच्याकडे वलगणीला या." हे मात्र खरं आहे, आणि त्याच्यापुढे बाकीचे सगळे सल्लागार फिके पडतात. पहिला दमदार पाऊस झाला, ओढे भरले, की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत. कोणी त्याला वलगण म्हणतात, कोणी नुसतं चढणीचे मासे म्हणतात. त्या रात्री अख्खं गाव बॅटऱ्या घेऊन बांधावर असतं. टोपल्या, जाळी, जुन्या मच्छरदाण्या, उलटी धरलेली छत्री, हाताला येईल ते. म्हातारे कोतारे चिखलात बसकण मारतात, पोरांना दुसऱ्या दिवशी शाळेची आठवण राहत नाही. सगळे भिजलेले, सगळे ओरडत असलेले. मासे धरण्याचा या जिल्ह्याचा खरा खेळ हाच. त्यात एकांत नाही, चिंतन नाही आणि मागे उभं राहायला कोणी शिल्लक नाही, कारण सगळेच पाण्यात. पोटात अंडी असलेले मासे टोपल्या भरभरून न्यायचे आणि पुढच्या वर्षी "हल्ली पूर्वीसारखे चढत नाहीत" म्हणून हळहळायचं, हा त्याच खेळाचा उत्तरार्ध. तो वर्षभर चालतो.

या चढणीची एक गंमत माझ्या उशिरा लक्षात आली. उल्हास नदी लोणावळ्याच्या डोंगरांतून निघते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण करत खाडीला मिळते. म्हणजे चढणीचा मासा कल्याणहून कर्जतकडे, रेल्वेच्या भाषेत डाऊन दिशेनं, निघालेला असतो. ऐन जुलैत रुळांवर पाणी आलं की त्या दिशेनं वेळेवर जाणारा तो एकटाच. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली आणि प्रवाशांना होड्यांमधून बाहेर काढावं लागलं. मासे त्या दिवशीही राइट टाइम असणार. फक्त हल्ली त्यांची शेवटची स्टेशनं बदलली आहेत. कल्याण-शीळ रस्त्याला काय किंवा बदलापूरला काय, जिथे खाचरं होती तिथे आता संकुलं आहेत. गाववाला सांगतो, की मरळ अजून पिढ्यांच्या सवयीनं वर चढते आणि 'बी' विंगच्या पार्किंगमध्ये पोचते. तिथे अभ्यागतांच्या वहीत तिची नोंद होत नाही एवढंच.

गाववाल्याच्या खालोखाल मान असतो जिताडेवाल्याचा. हा अलिबाग-पेणकडचा. जिताडा हा त्या बाजूचा मानाचा मासा; पूर्वी साहेबाकडे काम अडलं की जिताडा घेऊन जात, असं तिकडचे लोक उघडपणे सांगतात. जिताडेवाला त्याच्या आजोबांनी धरलेल्या जिताड्याचं माप हातांनी दाखवतो. गर्दीत हात पूर्ण पसरता येत नाहीत, म्हणून जिताड्याची लांबी दर रविवारी मागच्या माणसांच्या संख्येवर अवलंबून असते.

पण मला सांगायचंय ते डोंबिवलीच्या एका गृहस्थांबद्दल. बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि पूर्ण शाकाहारी आहेत. केक पुढे केला तर आधी त्यात अंडं आहे का विचारतात. यांनी साठीत गळ टाकायला सुरुवात केली. घरापासून मोठागावची खाडी चालत जाण्याइतकी जवळ, पण तिथे ओळखीचे भेटतात आणि हातातली काठी बघून "अरे, तुम्ही?" असं म्हणतात. त्या 'तुम्ही'त बरंच काही असतं. म्हणून ते लोकलनं कळव्याला येतात. अनोळखी लोकांत माणसाला हवं ते करता येतं.

काठीचीही एक कथा आहे. बांबूची काठी, थोडा तंगूस, शिशाचा तुकडा आणि आकडा, एवढ्यावर शे-दोनशे रुपयांत काम भागतं. पण शे-दोनशे रुपयांच्या वस्तूला डोंबिवलीच्या घरात जागा मिळत नाही. बाल्कनीत ठेवली तर वाळत घातलेले कपडे वर सरकवायला कामाला येते आणि रविवारी सकाळी सापडत नाही. म्हणून त्यांनी घडीची कार्बनची काठी मागवली, रीळ असलेली. ती मिटली की हातभर होते. लोकलमध्ये ही हातभर पिशवी मांडीवर घेऊन बसलं की समोरचा माणूस मुंब्रा येईपर्यंत कसाबसा थांबतो. "पडद्याचा रॉड का?" हे गप्प राहतात. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्यांचं बँकेपासूनचं तत्त्व आहे. त्यावर पडदे कुठे चांगले शिवून मिळतात यावर कळव्यापर्यंत चर्चा होते आणि उतरताना त्यांच्या हातात एका शिंप्याचा फोन नंबर असतो.

भरतीची वेळ ते मोबाइलवर बघत नाहीत. कोळीवाड्यातला जुना हिशोब त्यांना फार आवडतो. तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, त्या सुमाराला समुद्राला पूर्ण भरती. पाण्याला खाडीतून ठाण्यापर्यंत आत यायला थोडा वेळ लागतो, तो वर धरायचा. आयुष्यभर त्यांनी व्याजाचे हिशोब केले, पण एवढा सरळ कुठलाच नव्हता. "दर दिवशी पन्नासेक मिनिटं उशिरा," ते सांगतात, "आणि आजवर कोणाची तक्रार नाही." लोकलच्या वेळापत्रकावर हाडं झिजवलेल्या माणसाला या वाक्यात किती समाधान मिळतं ते फक्त डाऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहिलेल्यालाच कळेल.

त्यांच्या आकड्याला लागतो तो बहुतेक वेळा चिलापी. पुस्तकातला तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला, भारतात आणला गेला १९५२ साली. गोडं पाणी असो, मचूळ असो, स्वच्छ असो, घाण असो, तो राहतो. मिळेल ते खातो, मिळेल तेवढ्या जागेत संसार थाटतो. मादी पिल्लांना तोंडात धरून गर्दीतून वाट काढते. खरा डोंबिवलीकर. बाहेरून आला हे दोन पिढ्यांत सगळे विसरले आणि आता त्याच्याशिवाय तिथे दुसरं कोणी राहत होतं हे कोणाला आठवत नाही. ठाण्यातल्या सुगरणी त्याला मासा म्हणायला तयार नाहीत, हा भाग वेगळा.

चिलापी लागला की गृहस्थ त्याला ओल्या हातानं धरतात, आकडा काढतात आणि पाण्यात सोडून देतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास घेतला. तासभर उभं राहून आम्ही त्या माशात आपला वेळ गुंतवला होता. त्यावर आमचाही काही हक्क होता.

"अहो, सोडलात?"

"हो."

"आम्हाला द्यायचा!"

"कोणी खाणार होतं का तुमच्यापैकी?"

यावर शांतता. कारण खाणार कोणीच नव्हतं. ज्या डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली एक रस्ता गुलाबी झाला, तिथलं पाणी कुठे जातं हे आम्हाला ठाऊक होतं. जे इतक्या कीर्तनकारांना इतक्या शतकांत जमलं नाही ते कारखान्यांच्या सांडपाण्यानं करून दाखवलं. आता पुष्कळसे मांसाहारी गळवालेसुद्धा खाडीत धरलेला मासा खाडीतच सोडतात. कारण वेगळं असेल, पण प्राणिमात्रांवरची दया तीच.

"मग धरता कशाला?" सोडायचाच आहे तर धरायचा कशाला? हा प्रश्न गृहस्थांना त्यांच्या पत्नीनं विचारला आहे, मुलानं अमेरिकेहून विचारला आहे, आणि कळव्याच्या काठावर दर रविवारी नव्यानं विचारला जातो. पवईला याचं उत्तर तयार आहे. तिथे १८९१ साली बांधलेल्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशनचे सभासद रीतसर गळ टाकतात आणि धरलेला मासा सोडणं ही त्यांच्यात शिस्त समजली जाते. संस्थेचं नाव असलं की माणूस छंदिष्ट ठरतो, नसलं की विक्षिप्त. शिवाय पवईच्या तलावात मगरी आहेत. मागे उभं राहणाऱ्यांच्या संख्येवर त्याचा चांगला परिणाम होत असणार.

गृहस्थांनी मला एकदा खरं कारण सांगितलं. गळ सुरू करण्याआधी ते खाडीवर नुसतेच येऊन बसायचे. काठी नाही, डबा नाही, पाण्याकडे बघत आपले बसलेले. पहिल्याच रविवारी एकानं येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?" दुसऱ्यानं पाण्याची बाटली पुढे केली. तिसऱ्यानं शेजारी बसून घरी सगळं ठीक आहे ना, मुलं विचारतात ना, अशी आडून आडून चौकशी केली. त्याचा एक हात सगळा वेळ यांच्या कोपराजवळ होता. खाडीकडे एकटक बघत एकट्या बसलेल्या माणसाला आपल्याकडे काळजीवाहू लोक एकटं सोडत नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी काठी आणली. तेव्हापासून कोणी पाणी विचारत नाही, मुलांचं विचारत नाही, कोपराजवळ हात नेत नाही. "लागतंय का काही?" एवढंच विचारतात. "हा प्रश्न परवडतो," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं काउंटरवर बसलो, लोकांची रांग समोर. आता रांग पाठीमागे आहे. तोंडं दिसत नाहीत."

मला हे पटलं. त्याच खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर यादीतही गेलं. तेही तासन्‌तास चिखलात उभे राहून पाण्यात बघत असतात. त्यांच्यासाठी आम्ही ऐरोलीहून तिकीट काढून बोटीत बसतो, दुर्बिणी लावतो, मुलांना गप्प करतो. 'लागतंय का काही' असं त्यांना कोणीच विचारत नाही. निवृत्त बँकवाल्याला ही सवलत मिळायला काय करावं लागेल, त्याचा विचार कोणत्या तरी खात्यानं करायला हवा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. परतीच्या लोकलला गर्दी फार, म्हणून गृहस्थ मालडब्यात चढले. त्या दिवशी स्टूल, बादली आणि काठी एवढा जामानिमा होता, त्यामुळे मालडब्यावर त्यांचा हक्क होता. आत कोळणी होत्या, धक्क्यावरून माल भरून कल्याणच्या बाजूला निघालेल्या. एकीनं काठी ओळखली. पडद्याचा रॉड न म्हणणारं ते पहिलंच माणूस.

"काय रं दादा, गावलं का म्हावरं?"

"एक लागला होता. सोडला."

"सोरला?"

"हो. मी सोडतोच."

तिनं हे पलीकडच्या दोघींना सांगितलं. "आगो बाय, ह्यो बग. धरतो न्‌ सोरतो!" डबा हसून हसून दोन्ही बाजूंना हलला. गृहस्थही हसले; तोंडं समोर असताना हसण्याची त्यांची बऱ्याच दिवसांतली पहिलीच वेळ. दिवा गेल्यावर त्या बाईला त्यांची दया आली. तिनं पाटीतून ओंजळभर बोंबील काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि त्यांच्या बादलीत ठेवले. "ने घरा. रिकाम्या हातानं गेलास तं बायको काय बोलंल?" त्यांनी पैसे काढले तर ती रागावली. आपण शाकाहारी आहोत हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण हातातल्या काठीकडे बघून मिटलं.

डोंबिवलीला उतरून, बोंबलांची बादली हातभर दूर धरून ते घरी आले. घरात नेणं शक्यच नव्हतं, म्हणून वरच्या मजल्यावरच्या सीकेपी शेजाऱ्यांची बेल वाजवली. शेजाऱ्यांनी कागद उलगडला, एक बोंबील बोटानं दाबून पाहिला, वास घेतला.

"ताजे आहेत! कुठे मिळाले?"

"कळव्याच्या पुढे," गृहस्थ म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

शेजाऱ्यांची नजर काठीवरून बादलीवर आणि बादलीवरून बोंबलांवर आली. बोंबील भर समुद्रात डोलीच्या जाळ्यात येतो, गळाला लागत नाही, हे सीकेपी घरात मुंजीच्या आधी कळतं.

"गळाला?"

गृहस्थ गप्प राहिले. तत्त्वच होतं त्यांचं.

शेजाऱ्यांनी एकदा जिन्याकडे, एकदा आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग कागद पुन्हा नीट गुंडाळला, छातीशी धरला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या रविवारी जमलं तर जरा सुरमईचं बघा. मध्यम आकाराची पुरे."